डाव घोषित कुणी करायचा?

३१ धावा. ४ जानेवारी २०१६ ला कल्याणच्या मैदानात आर्य गुरुकुल शाळेचा संघ पहिल्या डावात एवढ्यावर आटोपला. मग के. सी. गांधी शाळेची मुलं फलंदाजीला उतरली. ३१ चा आकडा त्यांनी काही षटकांतच मागे टाकला. आणि तरीही फलंदाजी चालू राहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, फळ्यावर ९५६ धावा आणि गेलेली विकेट एक. सगळे घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच मुलं बॅट घेऊन उतरली आणि तीच मुलं त्यांच्या मागे चेंडू आणायला पळाली. डाव घोषित झाला तेव्हा धावा होत्या १४६५, तीन गडी बाद.

तुम्हाला ही गोष्ट वेगळ्या आकड्याने आठवत असेल. प्रणव धनावडे, नाबाद १००९. रिक्षावाल्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. क्रिकेटच्या नोंद असलेल्या इतिहासात एका डावात हजार धावा करणारा पहिला माणूस. आमच्या नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या लोकांना तर कल्याण म्हणजे घरचं अंगण, लोकलने तासाभराच्या आत. त्या आठवड्यात लोकलच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. कौतुक व्हायलाच हवं होतं आणि झालं. पण त्या सामन्याचा पूर्ण निकाल आज कुणाला विचारा. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२.

हे आत्ता उकरून काढायला कारण आहे. यंदा आमच्या तालुक्यातल्या एका शालेय सामन्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस भांडण चाललं. शाळांची नावं देत नाही, दोन्हीकडची पोरं गुणी आहेत. झालं असं की चौदा वर्षांखालचा सामना एकतर्फी व्हायला लागला. पुढे असलेल्या संघाच्या सरांनी भल्या मनाने बॅटिंग करणाऱ्या पोरांना सांगितलं, आता मारू नका, नुसती टुकटुक करा. पोरांनी तसं केलं. तीन षटकं नुसती बॅट पुढे, चेंडू पायाशी. बाहेर बसलेल्यांना वाटलं हा मोठेपणा. आत उभ्या असलेल्यांना ती चेष्टा वाटली. क्षेत्ररक्षण करणारा एक बारका पोरगा शेवटी ओरडला, "अरे, आउट तरी व्हा!" संध्याकाळी ग्रुपवर एक गट म्हणत होता सरांनी माणुसकी दाखवली, दुसरा म्हणत होता अपमान केला. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून भांडण संपेना.

योगायोग असा की हाच वाद अमेरिकेत बेसबॉलवरून वर्षानुवर्षं चालतो, फक्त तिथे तो उलटा आहे. बेसबॉलमध्ये बंट नावाचा प्रकार असतो. फलंदाज बॅट फिरवत नाही, नुसती आडवी धरतो, चेंडू समोर दोन-चार पावलांवर मेल्यासारखा पडतो आणि तो उचलून फेकेपर्यंत फलंदाज पहिला तळ गाठतो. अटीतटीच्या सामन्यात एक धाव काढण्यासाठी ही युक्ती. मोठ्या आघाडीवर असताना शेवटी शेवटी कुणी बंट केला, की तिकडचे लोक खवळतात. जिंकलाच आहात ना, मग आता ही एकेक धाव ओरबाडून कशाला? लहान मुलांच्या सामन्यात तर जास्तच, कारण बारा वर्षांच्या पोराला पुढे धावत येऊन तो चेंडू उचलणं आणि नेमका फेकणं जमत नाही. म्हणजे बंट केला की तळ जवळपास फुकट.

गंमत बघा. आपल्याकडे नुसती बॅट लावणं म्हणजे दया, तिकडे नुसती बॅट लावणं म्हणजे हावरटपणा. हाताची हालचाल जवळपास सारखीच. आणि तिथेही जोरात मारलं तर लोक गप्प बसतात असं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सॅन डिएगोचा फर्नांडो टाटिस ज्युनियर, संघ १०-३ ने पुढे असताना, आठव्या डावात चार धावांचा फटका मारून मोकळा झाला. समोरच्या टेक्सास संघाचे व्यवस्थापक नाराज झाले, पुढच्या फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू फेकला गेला आणि टाटिसला दिलगिरीच्या सुरात बोलावं लागलं. कोट्यवधी डॉलर घेणारी मोठी माणसं ही. त्यांनाही हळू मारायचं की जोरात हे नीट ठरवता येत नाही, तर आपण चौदा वर्षांच्या पोराकडून ठरवून घेणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे फलंदाजावर टाकूच नये. आपल्याकडच्या जुन्या गोष्टी नीट पाहिल्या तर प्रत्येक ठिकाणी थांबवण्याचा अधिकार असलेला एक मोठा माणूस सापडतो. त्याने काय केलं, हे बघायचं.

सगळ्यात आधी भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ वर बाद. महाराष्ट्राकडून के. व्ही. भांडारकरांनी २०५ केल्या, त्यांची आणि निंबाळकरांची भागीदारी ४५५ ची. निंबाळकर थांबेनात. विश्रांतीच्या वेळी ते नाबाद ४४३ वर होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा जागतिक विक्रम होता ४५२, म्हणजे नऊ धावा कमी. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी निरोप दिला की धावा पुष्कळ झाल्या, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. फक्त दोन षटकं द्या, विक्रम झाला की घोषित करतो, अशी विनवणी झाली. ठाकोरसाहेब बधले नाहीत. काठियावाडचा संघ सामान आवरून स्टेशनवर गेला, सामना सोडून दिला. निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे १९५९ मध्ये हनीफ मोहम्मदने ४९९ करून ब्रॅडमनला मागे टाकलं आणि ती नऊ धावांची गोष्ट जागतिक पुस्तकातून बाजूला पडली. पण प्रथम श्रेणीत चारशे पार करणारा भारतीय आजही एकच आहे. आणि या माणसाला अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही! २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले.

महाराष्ट्रात ही गोष्ट सांगताना ठाकोरसाहेब कायम खलनायक असतात. मलाही वाटतं, त्यांनी दोन षटकं द्यायला हवी होती. नऊ धावांनी त्यांचं काहीही जाणार नव्हतं, जायचं ते आधीच गेलं होतं. संस्थानं नुकतीच विलीन झालेली, मान जपण्याची खोड काही लगेच विलीन होत नाही. पण जरा त्यांच्या बाजूनेही बघू. महाराष्ट्राची आघाडी ५८८ ची होती. रणजीत पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना ठरतो, तो ठरून गेला होता. त्यापुढची प्रत्येक धाव एका माणसाच्या आकड्यासाठी होती आणि ती देण्यासाठी अकरा माणसं उन्हात उभी होती. त्यांच्या कर्णधाराला पुरेसं झालं असं वाटलं, त्याने तसं सांगितलं. रीत वाईट, भावना समजण्यासारखी.

मला या गोष्टीत नेहमी स्टेशन दिसतं. ठाकोरसाहेबांना स्टेशनवर जाता आलं. ते राजे होते, कर्णधार होते, मोठे होते. "आम्ही निघालो" म्हणायची त्यांची ऐपत होती. कल्याणच्या मैदानातली मुलं कुठे जाणार? डोक्यावर शाळा, प्रशिक्षक, पालक, स्पर्धेचे आयोजक. मुलाने सामना अर्धवट सोडला तर त्याला पळपुटा म्हणायचं, हेच आपण त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

दुसरी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. यातला आपल्या विषयाचा भाग असा की आचरेकर सरांना डाव घोषित करायचा होता. त्यांचे सहायक सीमेबाहेरून हाका मारत होते आणि ही दोन पोरं ऐकू न आल्यासारखं करत होती. हा किस्सा दोघांनीही पुढे हसत हसत सांगितला आहे. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांचा हुकूम आला, घोषित करा. कांबळी ३४९ वर होता. एक धाव हवी होती. मिळाली नाही.

आचरेकर सर काही मवाळ माणूस नव्हते. मुंबईच्या खडूस क्रिकेटची शाळा ज्यांनी घडवली त्यांतले ते. समोरच्याला जिवंत सोडायचं नाही हेच त्यांचं शिक्षण. पण सामना जिंकायचा तर समोरच्याला बाद करायला वेळ लागतो हा त्यांचा हिशेब होता, आणि पोराच्या ३५० पेक्षा तो हिशेब मोठा होता. तेंडुलकरनेच नंतर सांगितलंय की त्या भागीदारीत समोरचा एक गोलंदाज रडायला लागला होता आणि बाकीच्यांना खेळ पुढे न्यायची इच्छा उरली नव्हती. त्या दमलेल्या गोलंदाजांत साईराज बहुतुले नावाचा एक लेगस्पिनर होता. भरपूर मार खाल्ला, विकेट एकही नाही. तेरा वर्षांनी, २००१ मध्ये, तो भारताकडून कसोटी खेळला. म्हणून मार खाल्ल्याने पोरं मोडतातच असं मी म्हणणार नाही. काही मोडतात, काही बहुतुले होतात, आणि सामना चालू असताना कोण कुठल्या वाटेने जाईल हे बाहेरून कळत नाही.

आता परत कल्याणला. त्या वेळच्या बातम्यांत आलेली माहिती अशी: आर्य गुरुकुलचा नेहमीचा संघ परीक्षांमुळे आलाच नव्हता. सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची मुलं उतरवली होती, काही जण तर मोठ्या चेंडूने पहिल्यांदाच खेळत होते. एका बाजूची सीमा जेमतेम तीस यार्डांवर. झेल सुटले ते वीसच्या वर. हे सगळं पहिल्या तासात मैदानावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला दिसत होतं. प्रणवने पहिल्या दिवशीच नाबाद ६५२ करून ११७ वर्षांचा विक्रम मोडला होता. आणि मग ती रात्र आली.

मला ती रात्र महत्त्वाची वाटते. खेळाच्या भरात राहून गेलं म्हणायला तिथे जागा नाही. आघाडी ९२५ ची. दोन्ही शाळांचे लोक, स्पर्धेचे लोक, सगळ्यांना बारा-चौदा तास मिळाले. त्या तासांत ठरलं काय, तर हजार करायच्या. दुसऱ्या दिवशी मैदानावर कॅमेरे आले. हजार झाल्या, मग घोषणा झाली. प्रणवला यात दोष देणारा माणूस माझ्या मते क्रिकेट खेळलेला नाही. पंधरा वर्षांच्या पोराला बॅट दिली, चेंडू येतोय, तो मारणारच. त्याने हळू मारायचं ठरवलं असतं तर तो आमच्या तालुक्यातल्यासारखा तमाशा झाला असता, दीड दिवसाचा. पण "बास" म्हणायचं काम ज्यांचं होतं त्यांच्यापैकी कुणी ते केलं नाही. आणि आमच्या धंद्यानेही हजार नऊचं चित्र एवढं मोठं छापलं की मागची मुलं चौकटीबाहेर गेली.

पुढे काय झालं? मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. वर्ष-दीड वर्षात सूर हरवला. जिथे जाईल तिथे हजारवाला पोरगा, आणि वीसवर बाद झाला तरी बातमी. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला स्वतःहून पत्र लिहिलं, की मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, शिष्यवृत्ती थांबवावी. रिक्षा चालवणाऱ्या घरात महिन्याचे दहा हजार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या सगळ्या प्रकरणात वेळेवर डाव घोषित करणारा मला एवढा एकच माणूस सापडतो.

ज्याचा विक्रम प्रणवने मोडला, त्या ए. ई. जे. कॉलिन्सचंही थोडं सांगायला हवं, कारण तो जन्मला आपल्याकडे, हजारीबागला. जून १८९९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शाळेच्या दोन वसतिगृहांच्या सामन्यात तेरा वर्षांच्या या मुलाने नाबाद ६२८ केल्या. सामना काही दुपारी तुकड्या-तुकड्याने चालला, मैदान वेडंवाकडं, एका बाजूची सीमा फारच जवळ. कॉलिन्सच्या संघाच्या ८३६ धावा. समोरच्यांच्या ८७ आणि ६१. काय फरक आहे कल्याणात आणि ब्रिस्टलात? तोही पुढे मोठं क्रिकेट खेळला नाही. सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. आजही त्याच्या नावापुढे ६२८ च येतो.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. जानेवारी २०२५ चं घ्या. एकोणीस वर्षांखालच्या मुलींची एकदिवसीय स्पर्धा, बंगळुरूजवळ अलूर. मुंबईच्या चौदा वर्षांच्या इरा जाधवने नाबाद ३४६ केल्या. मुंबई ३ बाद ५६३. मेघालय सर्वबाद १९. तिथे तर डाव घोषित करायची सोयच नसते, पन्नास षटकं म्हणजे पन्नास षटकं. मेघालयला रणजीत येऊनच तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती आणि मुंबईत शालेय क्रिकेट सव्वाशे वर्षं जुनं. हा सामना कुणी जुळवला? इराने तर नक्कीच नाही.

माथेरानमध्ये राहणाऱ्या माणसाला घोड्यांचं उदाहरण सुचणारच, त्याला इलाज नाही. इथे ऑलिम्पिया मैदानावर शर्यती बघत आम्ही वाढलो. घोडेवाल्यांच्या गप्पांत महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं हँडिकॅप हमखास येतं. म्हणजे जो घोडा जास्त दमदार, त्याच्या पाठीवर जास्त वजन. घोड्याला कुणी सांगत नाही की बाबा, आज जरा हळू पळ. तो जीव तोडून पळतो. वजन किती टाकायचं ते माणसं बसून कागदावर ठरवतात, शर्यतीच्या आधी.

आपल्या मातीतल्या खेळांनाही हे माहीत आहे. खो-खोत "एक डाव राखून" जिंकता येतं, दुबळ्या संघाला उगाच शेवटपर्यंत पळवत बसत नाहीत. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांचा फरक पडला की पंच शिट्टी वाजवतो, चितपट होईपर्यंत थांबत नाही. सॉफ्टबॉल, बेसबॉल आपल्या शालेय स्पर्धांच्या यादीत आहेत, त्यांतही ठरावीक डावांनंतर धावांचं अंतर ठरावीक आकड्याच्या वर गेलं की सामना तिथेच संपवतात. हरलेला हरतो, जिंकलेला जिंकतो, टुकटुक कुणालाच करावी लागत नाही. कबड्डीत मात्र आघाडीवरचा चढाईपटू शेवटी निदानरेषेला पाय लावून परत येतो आणि प्रेक्षक शिव्या घालतात. आमच्या रायगडात कबड्डी म्हणजे धर्म, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

राहिलं क्रिकेट, जे सगळ्यात जास्त खेळलं जातं आणि मुलांच्या सामन्यांत ज्याला असा कुंपणाचा नियम बहुतेक ठिकाणी नसतो.

विरोधातला एक मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो, तो टाळत नाही. आमच्या भागातले एक जुने क्रीडाशिक्षक म्हणाले, "तुम्ही सामना मध्येच थांबवलात तर दुबळ्या पोराला बॅटिंगच मिळायची नाही. बस भाड्याने करून पंचवीस किलोमीटर यायचं आणि तासात परत जायचं?" बरोबर आहे. आश्रमशाळेच्या मुलांसाठी तर तालुक्याचा सामना हाच वर्षातला मोठा दिवस. म्हणून निकाल थांबवावा, खेळ थांबवू नये. निकाल लागल्याचं जाहीर करा, आकडा वहीत बंद करा आणि उरलेल्या वेळात पोरं मिसळून दोन नवे संघ करा. जिंकणाऱ्यांचा चांगला बॉलर हरणाऱ्यांकडे द्या. गल्लीत आपण हेच करायचो, कुणी नियमाचं पुस्तक दिलं नव्हतं.

आणि मुलांची तुकडी वयाने फारच लहान दिसत असेल तर नाणेफेकीच्या आधीच दोन्ही सरांनी पंचांसमोर बसून ठरवावं की आज कशी मजल मारायची. मैदानात पोरं उतरल्यावर, पालकांचे मोबाइल वर झाल्यावर, कुणाच्यानेही ते होत नाही.

तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांची पुढच्या हंगामाची बैठक पावसाळ्यात होते. विषय घ्यावा म्हणून पत्र दिलं आहे. दोनच मागण्या आहेत: चौदा वर्षांखालच्या क्रिकेट सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला एक मर्यादा, ती ओलांडली की निकाल जाहीर, आणि धावफलकाच्या वहीत दोन्ही संघांच्या अकरा-अकरा मुलांची पूर्ण नावं. मर्यादा किती असावी यावर मतं कळवा. काहींनी शंभर सुचवल्यात, मला दीडशे बऱ्या वाटतात.